आधी मुदत, मग काम : रायगड किनाऱ्यावरील इमारतींचा अंतर्भाग उतरवण्याच्या कालनियोजनाची चिकित्सा

गोषवारा : व्यावसायिक इमारतीचा अंतर्भाग काढून ती मोकळी करणे हे बांधकाम-व्यवहारातील एक स्वतंत्र काम असूनही आपल्याकडे त्याच्या कालनियोजनाचा विचार पाडकामाच्या किंवा नूतनीकरणाच्या पोटात उरकला जातो. प्रस्तुत लेखात किहीम (२०१९), मरडू (२०२०) व नोएडा (२०२२) येथील पाडकामांचे कालक्रम तपासून, त्यातून मिळणारे निष्कर्ष काशीदसारख्या समुद्रकाठच्या पर्यटनगावातील हॉटेलांना लावून पाहिले आहेत. मुदत आधी ठरवून काम तिच्यात कोंबण्याची प्रथा, प्रचलित सुरक्षा-संहितेतील गृहीतके आणि कचरा-नियमांतील काळाशी जोडलेल्या मर्यादा या तिन्हींची येथे चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : अंतर्गत पाडकाम, कालनियोजन, सागरी नियमन क्षेत्र, काशीद, बांधकाम-कचरा.

प्रस्तावना

मराठीत 'पाडणे' आणि 'उतरवणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. भिंत पाडली जाते. कौले, वासे व आढे मात्र उतरवले जातात. कोकणातील जुने घर मोडताना सुतार व गवंडी हा भेद कटाक्षाने पाळत. आधी कौले खाली येत, मग रिपा, वासे, भाले. शेवटी राहत त्या मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंती. सागवानी लाकूड नव्या घरात पुन्हा बसवायचे असे. त्यामुळे उतरवण्याला लागणारा वेळ कोणाला वाया गेलेला वाटत नसे. वरून खाली, हलक्याकडून जडाकडे आणि पुनर्वापराच्या वस्तूंकडून निरुपयोगी वस्तूंकडे हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

सिमेंट काँक्रीटची चौकट आल्यावर हा क्रम मोडला. आजच्या हॉटेलात, कार्यालयात किंवा दुकानात चौकटीच्या आत एक दुसरीच इमारत उभी असते. खोटे छत, प्लायवूडची आवरणे, जिप्समच्या पडद्या, वातानुकूलनाची नळकांडी, विजेच्या तारांचे जाळे, फरशी व स्नानगृहांच्या टाइल्स अशी तिची घडण असते. धंद्यातले लोक या कामाला 'इंटिरियर काढणे' म्हणतात. ब्रिटनमध्ये चौकटीला धक्का न लावता केलेल्या अशा कामाला 'सॉफ्ट स्ट्रिप' ही स्वतंत्र संज्ञा असून ते वेळापत्रकात स्वतंत्रपणे दाखवले जाते. आपल्याकडे मात्र निविदेत 'जुने काढून टाकणे' एवढी एक ओळ असते व तिच्यापुढे काही दिवसांचा आकडा असतो. हा आकडा कोठून येतो, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

१. किहीम : बेचाळीस दिवसांचा धडा

रायगड किनाऱ्यावर या प्रश्नाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण म्हणजे अलिबाग तालुक्यातील किहीम येथील नीरव मोदी यांचा बंगला. ही इमारत व्यावसायिक नव्हती, निवासी होती. तथापि सुमारे ३३,००० चौरस फुटांचा तिचा विस्तार आणि आतील सजावटीची श्रीमंती पाहता कामाच्या दृष्टीने ती एखाद्या मध्यम हॉटेलासारखीच होती. सागरी नियमन क्षेत्राच्या नियमांचे उल्लंघन करून समुद्रकाठी उभारलेल्या बंगल्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका प्रलंबित होती. त्या पार्श्वभूमीवर जिल्हा प्रशासनाने २५ जानेवारी २०१९ रोजी पाडकाम सुरू केले. मालमत्तेवर सक्तवसुली संचालनालयाची टाच असल्याने आतील मौल्यवान वस्तूंचा प्रश्न वेगळा हाताळावा लागला. झुंबर, जकुझी यांसारख्या वस्तू बाजूला काढल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. यंत्रांनी काम सुरू झाल्यावर चौकट अपेक्षेपेक्षा फारच भक्कम असल्याचे लक्षात आले. मग खांबांना भोके पाडून स्फोटके भरण्यात आली आणि ८ मार्च २०१९ रोजी नियंत्रित स्फोटाने इमारत खाली आली.

२५ जानेवारी ते ८ मार्च हा कालावधी बेचाळीस दिवसांचा आहे. या बेचाळीस दिवसांतील स्फोटाच्या काही सेकंदांनीच वृत्तपत्रांचे रकाने व दूरचित्रवाणीचे पडदे व्यापले. परंतु कालनियोजनाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटते ते आधीचे. यंत्रे आणून काम सुरू केल्यावर चौकटीची ताकद कळली, म्हणजे पाहणी कामाच्या आधी न होता कामातूनच झाली. आतील वस्तूंची मालकी, टाच व ताबा यांचा निवाडा हा खरे तर वेळापत्रकाचा पहिला टप्पा. तो पाडकामाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. प्रशासनाने न्यायालयीन निर्देशांच्या दडपणाखाली काम तडीस नेले याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण काय काढायचे हे कळण्याआधी केव्हा संपवायचे हे ठरले, तर पद्धत मध्येच बदलावी लागते, हा किहीमचा धडा आहे.

२. मरडू व नोएडा : न्यायालयीन मुदतींची तुलना

हा धडा एकट्या रायगडपुरता नाही. केरळमधील मरडू येथील चार निवासी संकुले सागरी नियमन क्षेत्राचे उल्लंघन ठरवून पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली तेव्हा २७ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने १३८ दिवसांचा कार्यक्रम घालून दिला. संकुले ११ व १२ जानेवारी २०२० रोजी पाडण्यात आली. म्हणजे पहिला स्फोट १०६व्या दिवशी झाला आणि उरलेले दिवस राडारोड्यासाठी होते. येथे मुदत राज्य शासनाने सादर केलेल्या टप्पेवार आराखड्यावर आधारलेली होती. रहिवाशांनी घरे रिकामी करणे, दारे-खिडक्या व आतील भिंती काढणे, खांबांना भोके पाडणे आणि मग स्फोट असा क्रम होता. मुदत पाळली गेली याचे मुख्य कारण ती कामाच्या मोजमापातून निघाली होती हे होय.

याउलट नोएडातील जुळ्या मनोऱ्यांबाबत ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत पाडकामाचा आदेश दिला. प्रत्यक्षात ते २८ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. एप्रिल २०२२ मध्ये चाचणी-स्फोट घेण्यात आला, मे महिन्यातील नियोजित तारीख पुढे गेली, सुमारे ३,७०० किलो स्फोटके भरण्यात आली आणि मग सुमारे दहा सेकंदांत मनोरे कोसळले. तीन महिन्यांचे बारा महिने झाले. यात कोणाचा आळस शोधत बसण्यापेक्षा मूळ आकड्याचे स्वरूप पाहणे उचित ठरेल. 'तीन महिने' हा निर्धार व्यक्त करणारा आकडा होता. कामाचा हिशेब त्यात नव्हता.

या दोन उदाहरणांवरून असे विधान करता येईल : पाडकामाचा दृश्य भाग अत्यल्प काळाचा असतो व त्याची तयारी, म्हणजेच अंतर्भाग उतरवणे, हाच खरा काळ खाणारा भाग असतो. तो वेळापत्रकात लिहिला नाही, तरी घडतोच. मग तो मुदतवाढीच्या रूपाने घडतो किंवा कामगारांच्या घाईच्या रूपाने.

३. काशीदची विशिष्ट अडचण : धंद्याचा हंगाम आणि पावसाचा हंगाम

मुरूड तालुक्यातील काशीद हे अलिबाग–मुरूड रस्त्यावरील, पांढरट वाळूच्या किनाऱ्यासाठी व सुरूच्या झाडांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. पाठीशी १९८६ साली घोषित झालेले फणसाड अभयारण्य, समोर अरबी समुद्र आणि मधून जाणारा एकच मुख्य रस्ता अशी त्याची रचना आहे. येथील हॉटेले व निवासस्थाने पर्यटनावर जगतात. दिवाळीपासून मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत हंगाम चालतो. साहजिकच मालकाच्या दृष्टीने अंतर्भाग काढून नवा करण्याची वेळ जून ते सप्टेंबर हीच ठरते, कारण त्या काळात खोल्या रिकाम्या असतात व बुडणारे उत्पन्न कमी असते.

नेमक्या याच काळात कोकणात मुसळधार पाऊस असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी वारे येथे पोहोचतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले व असंख्य घरांची छपरे उडाली. ११ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत काशीदजवळचा जुना पूल कोसळला, त्यात एकाचा मृत्यू झाला व वाहतूक वळवावी लागली. अलिबागकडून येणारा रस्ता कुंडलिका खाडीवरील रेवदंडा–साळाव पूल ओलांडून येतो. तो मार्ग बंद असला की रोह्याकडून वळसा घालावा लागतो. राडारोड्याचे ट्रक याच मार्गांनी जायचे असतात. तेव्हा काशीदच्या वेळापत्रकात 'माल बाहेर नेणे' हा टप्पा ठेकेदाराच्या हातात पूर्णपणे नसतो, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

व्यवस्थापनशास्त्रातील रूढ साधने येथे अपुरी पडतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट व रेमिंग्टन रँड या कंपन्यांतील केली व वॉकर यांनी विकसित केलेली 'क्रिटिकल पाथ' पद्धती आज प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवली जाते. तिचे गृहीतक असे की, कामांची यादी आधीच ठाऊक आहे व प्रत्येकाचा कालावधी अजमावता येतो. नवे बांधताना हे बव्हंशी खरे असते, कारण नकाशा आपणच काढलेला असतो. जुने उघडताना मात्र खोट्या छतामागे काय आहे, हे ते छत उघडल्यावरच समजते. अशा कामाच्या वेळापत्रकात तारखांइतकेच थांब्यांना महत्त्व असते : अमुक गोष्ट तपासून खात्री झाल्याखेरीज पुढचा टप्पा सुरू करायचा नाही, असे थांबे.

४. संहितेतील क्रम आणि त्याची मर्यादा

भारतीय मानक ४१३० ही इमारतींच्या पाडकामासंबंधीची सुरक्षा-संहिता. पाडकाम सुरू करण्यापूर्वी वीज, पाणी, वायू यांच्या जोडण्या बंद करणे, काचेची दारे-खिडक्या काढणे, ठिसूळ व सैल वस्तू हलवणे आणि सैल गिलावा उतरवणे असा क्रम तिच्यात सुचवला आहे. काच आधी काढल्याने फुटतूट टळते व गिलावा आधी काढल्याने पुढील धूळ कमी होते, हा त्यामागील विचार सयुक्तिक आहे.

परंतु ही संहिता संपूर्ण इमारत जमीनदोस्त करण्याचे गृहीत धरते. चौकट राखून फक्त अंतर्भाग काढायचा असेल आणि ते काम पावसाळ्यात व समुद्रकाठी करायचे असेल, तर 'काच आधी' हा नियम उलटतो. खिडक्या गेल्या की खारा वारा व पाऊस आत शिरतो. उतरवून ठेवलेले लाकूड व प्लायवूड फुगते, जिप्समचे पत्रे भिजतात, उघडी पडलेली सळई गंजू लागते. भिजलेले जिप्सम अन्य कुजणाऱ्या कचऱ्यात मिसळून गाडले गेले, तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. म्हणून काशीदमध्ये खिडक्यांना शेवटचे स्थान द्यावे लागेल. अर्थात खिडक्या ठेवून काम करायचे तर धुळीसाठी वायुवीजन व पाण्याचा फवारा यांची वेगळी व्यवस्था करावी लागते. संहितेतील क्रम हा नियम म्हणून पाठ न करता त्यामागील कारण समजून घेतले पाहिजे, असा याचा अर्थ आहे.

क्रमाची आणखी तीन कारणे येथे नोंदवणे आवश्यक आहे. पहिले कारण आगीचे. पडदे, गाद्यांमधील फोम, गालिचे व प्लायवूड आत असताना लोखंड कापण्यासाठी गॅस-कटर चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. ज्वलनशील वस्तू पूर्णपणे बाहेर गेल्याची खात्री हा कटरच्या आधीचा पहिला थांबा. त्याच कारणाने अग्निशमनाची पाण्याची वाहिनी इतर वाहिन्यांबरोबर बंद न करता अखेरपर्यंत चालू ठेवावी लागते. दुसरे कारण विजेचे. मूळ जोडणी महावितरणकडून तोडून घेतल्यावर कामापुरता तात्पुरता व वेगळा पुरवठा हवा. 'जोडणी चालू ठेवून जपून काम करू' ही भाषा अपघाताची आहे. तिसरे कारण जिन्यांच्या कठड्यांचे. पितळी किंवा स्टीलच्या कठड्यांना भंगारात चांगला भाव मिळतो, म्हणून ते आधी काढण्याचा मोह होतो. पण सर्व माल उतरवण्याचा मार्ग तोच असल्याने कठडे अखेरीसच निघाले पाहिजेत.

५. एका काल्पनिक हॉटेलचा हिशेब

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून काशीदमधील एका काल्पनिक दुमजली हॉटेलचा हिशेब मांडू. खोल्या चाळीस, प्रत्येकी २५ चौरस मीटर. फरशी व तिच्याखालील मसाल्याचा थर मिळून ६ सेंटीमीटर जाडी आणि घनमीटरला २,००० किलो वजन धरले, तर दर चौरस मीटरला १२० किलो, खोलीमागे ३ टन व चाळीस खोल्यांचे १२० टन होतात. स्नानगृहाच्या भिंतींवरील टाइल्स खोलीमागे २० चौरस मीटर व मसाल्यासह ४ सेंटीमीटर धरल्या, तर खोलीमागे १.६ टन, म्हणजे एकूण ६४ टन. एवढ्या दोनच बाबींचा राडारोडा १८४ टन झाला. नऊ टनांच्या ट्रकने त्याच्या एकवीस फेऱ्या होतात. विटांच्या पडद्या व छत वेगळेच.

हा राडारोडा काढता काढता वरच्या मजल्यावर साठवावा, असा सोपा विचार केला जातो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार हॉटेलच्या शयनकक्षाचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो वापरभारासाठी आखलेला असतो. विटा-मसाल्याच्या सैल ढिगाचे वजन घनमीटरला १,३०० किलो धरले, तर पंधरा सेंटीमीटर उंचीचा ढीगच ही मर्यादा गाठतो. वीतभर उंचीचाही ढीग सुरक्षित नाही. म्हणून फरशी फोडण्याचा वेग ट्रकच्या फेऱ्यांवरून ठरला पाहिजे. फोडणाऱ्या हातांच्या संख्येवरून नव्हे. पूल बंद असेल त्या दिवशी फोडणेही बंद, हा दुसरा थांबा.

या हिशेबातून वेळापत्रकाची रूपरेषा अशी दिसते. हॉटेल चालू असतानाच मार्च-एप्रिलमध्ये पाहणी, वस्तूंची यादी, ॲस्बेस्टॉसयुक्त पत्रे-नळ, वातानुकूलनातील शीतक वायू, बॅटऱ्या व ट्यूबलाइट यांची नोंद आणि जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांशी बोलणी व्हावीत. मुंबईतील ओशिवरा, चोरबाजार, कुर्ला येथील बाजार अशा मालासाठी प्रसिद्ध आहेत. पण चाळीस खोल्यांचे सामान एका दिवसात उचलणारा गिऱ्हाईक आयत्या वेळी मिळत नाही व मिळाला तर भंगाराचाच भाव देतो. हॉटेल बंद झाल्यावर पहिल्या टप्प्यात घातक पदार्थ व शीतक वायू, दुसऱ्या टप्प्यात सुटे सामान, दारे व स्वच्छतागृहातील भांडी, तिसऱ्या टप्प्यात छत, नळकांडी व पडद्या निघाव्यात. हे तिन्ही टप्पे छप्पर व खिडक्या शाबूत असताना पावसाळ्यातही होऊ शकतात, कारण माल हलका व कोरडा असतो. फरशी-टाइल्सचा जड टप्पा मात्र एक तर पावसापूर्वी संपावा किंवा पावसानंतर सुरू व्हावा.

जूनमध्ये बंद करून दिवाळीला नव्या अंतर्भागासह उघडू, ही आश्वासने या हिशेबात बसत नाहीत. मालकापुढे दोनच प्रामाणिक पर्याय उरतात : इमारतीचे भाग पाडून एकेका वर्षी एकेक भाग हाती घेणे किंवा हंगामाचा काही काळ सोडून देणे.

६. काळाने मोजणारे नियम

बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा निर्माण करणाऱ्यांवर काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक व विटा-मसाला असे वर्गीकरण करण्याची आणि काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडून आराखडा मंजूर करून घेण्याची जबाबदारी टाकली. इमारतीची फेररचनाही त्यांच्या कक्षेत होती. हेतू स्तुत्य होता. मात्र मर्यादेचे एकक दिवस व महिना हे होते, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

वरील काल्पनिक हॉटेलचे १८४ टन आठ दिवसांत काढले, तर दिवसाला २३ टन होतात व नियम लागू होतो. तेच दहा दिवसांत काढले, तर दिवसाला १८.४ टन होतात, महिन्याची मर्यादाही ओलांडली जात नाही आणि नियम लागू होत नाही. इमारत तीच, कचरा तेवढाच, समुद्र तेवढाच जवळ. दोन दिवसांच्या फरकाने कायदेशीर जबाबदारी उद्भवते किंवा नाहीशी होते. गंमत अशी की, अधिक संथ व म्हणून अधिक सुरक्षित काम करणारा नियमाबाहेर पडतो. त्याला बक्षीस म्हणून मिळते ती वर्गीकरणातून सूट. वेगाची घाई रोखणे व कचऱ्याची जबाबदारी ठरवणे हे दोन वेगळे हेतू एकाच मोजपट्टीने साधण्याचा हा प्रयत्न होता.

२०२५ साली अधिसूचित झालेल्या व १ एप्रिल २०२६ पासून अंमलबजावणी ठरलेल्या नव्या नियमांत विस्तारित उत्पादक जबाबदारीसाठी २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्राची अट घातली आहे. क्षेत्रफळाचे एकक अधिक स्थिर आहे, हा गुण मान्यच. पण आपले काल्पनिक हॉटेल त्याच्या आसपासही पोहोचत नाही. किनाऱ्यावरील नुकसान एका महाकाय प्रकल्पापेक्षा अनेक लहान इमारतींच्या साठलेल्या राडारोड्याने होते. खाडीकाठी, ओढ्यात किंवा सुरूच्या बनात रिकामा केलेला एकेक ट्रक कोणत्याच मर्यादेत मोजला जात नाही.

कामगारांच्या बाबतीतही हेच दिसते. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्ती व पाडकाम यांना बांधकामाच्या व्याख्येत घेतले, पण त्याची कक्षा दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. अंतर्भाग काढणाऱ्या टोळ्या बहुधा त्याहून लहान असतात व त्यांना मजुरीऐवजी भंगाराच्या किमतीवर ठेका दिला जातो. अशा ठेक्यात वेळ म्हणजे थेट कामगाराच्या खिशातून जाणारा पैसा. थांबा पाळायला सांगणे म्हणजे त्याला उपाशी राहायला सांगणे. म्हणून थांब्यांच्या दिवसांची मजुरी निविदेतच स्वतंत्रपणे दाखवल्याखेरीज कोणतेही सुरक्षित वेळापत्रक कागदाबाहेर येणार नाही. या मुद्द्यावर नियोजनशास्त्र व श्रमशास्त्र यांची फारकत होऊन चालणार नाही.

परदेशी कायद्यांतील एक तरतूद येथे विचारार्ह वाटते. ब्रिटनमध्ये परवाना लागणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या कामाची सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते, तर अमेरिकेत पाडकामाची सूचना दहा कामकाजाचे दिवस आधी. या तरतुदींमुळे कायदाच वेळापत्रकाच्या आरंभी प्रतीक्षेचा काळ घालून देतो. पाहणी त्याच्या आत बसते. आपल्याकडे कायदा शेवटची तारीख देतो व आरंभ मोकळा सोडतो.

७. आक्षेप व उत्तर

या मांडणीवर असा आक्षेप घेता येईल की, इतके सविस्तर नियोजन लहान व्यावसायिकाला परवडणारे नाही व बंद हॉटेलचा प्रत्येक दिवस तोट्याचा असतो. आक्षेप खोटा नाही. काशीदमधील एका हॉटेलवर स्वयंपाकी, सफाई कामगार, रिक्षावाले व मासळी पुरवणारे अशा अनेकांची चूल अवलंबून असते. परंतु बंद होण्यापूर्वीचा काळ व बंद झाल्यानंतरचा काळ यांची किंमत सारखी नसते. पाहणी, यादी, परवानग्या व गिऱ्हाईक शोधणे ही कामे खोल्या भरलेल्या असताना होऊ शकतात व त्यांना फारसा खर्च येत नाही. तीच कामे दार बंद झाल्यावर केली, तर प्रत्येक दिवस महाग पडतो. तेव्हा नियोजनामुळे विलंब होतो, ही समजूत हिशेबाने टिकत नाही. विलंब आधीही असतोच. नियोजन त्याला स्वस्त दिवसांत नेऊन ठेवते.

दुसरा आक्षेप असा की, बेकायदा बांधकामाच्या बाबतीत मुदत सैल केली, तर पाडकाम कधीच होणार नाही. या भीतीलाही आधार आहे. पण मरडूच्या उदाहरणात कडक मुदत व टप्पेवार आराखडा एकत्र नांदले. कडकपणा आराखड्याला असावा. नुसत्या अंतिम तारखेचा कडकपणा नोएडाप्रमाणे आपसूक सैल होतो.

समारोप

हा विषय किनाऱ्यावरील हॉटेलांपुरता नाही. आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळा, ग्रंथालये व सभागृहे यांचे नूतनीकरण याच पद्धतीने होते. अनुदानाचा खर्च ३१ मार्चपूर्वी दाखवायचा असतो किंवा काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकायचे असते. मग परीक्षांच्या काळात बाजूच्या दालनात छत फोडले जाते. रसायनशास्त्राच्या जुन्या कपाटांतील बाटल्यांची यादी होण्याआधी कपाटेच हलवली जातात आणि पूर्वीच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस होते का, हे कोणी विचारत नाही. येथेही मुदत आधी येते व काम तिच्या मागून फरफटत जाते.

म्हणून पुढील किमान अपेक्षा मांडता येतील. अंतर्भाग उतरवण्याचे काम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून, स्वतंत्र कालावधीसह दाखवावे. पाहणीचा अहवाल हाती आल्याखेरीज अंतिम तारीख जाहीर करू नये. ज्वलनशील वस्तू हटल्याची व वाहतूक खुली असल्याची खात्री हे सक्तीचे थांबे असावेत व त्या दिवसांची मजुरी ठरलेली असावी. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी इमारतीचा आकार न पाहता प्रत्येक ट्रकच्या फेरीची नोंद ठेवावी. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, पर्यावरण व समाजशास्त्र या विभागांनी आपल्या तालुक्यातील अशा एखाद्या कामाचा आरंभापासून अखेरपर्यंतचा कालक्रम विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेतला, तर आज बांधकामाच्या वेळापत्रकात एका ओळीत संपणाऱ्या या कामाचे खरे मोजमाप हाती येईल. किहीमच्या स्फोटाची चित्रफीत सर्वांनी पाहिली. त्याआधीच्या बेचाळीस दिवसांचा अभ्यास मात्र अद्याप व्हायचा आहे.